खडूचे पाय, जामिनाची सही

पत्र

ताई, माझं वय ४१. तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी शाळेपासूनच्या मित्राने पोल्ट्रीसाठी पतसंस्थेकडून आठ लाख उचलले. दोन जामीनदार हवे होते. एक मी झालो, दुसरा त्याचा चुलतभाऊ. बायकोला विचारलं नाही. पहिलं वर्ष हप्ते गेले. मग एका पावसाळ्यात शेडमधले निम्मे पक्षी मेले, खाद्याची उधारी चढत गेली आणि दिवाळीनंतर तो शेडला कुलूप लावून पुण्याला निघून गेला. फोन कधी लागतो, कधी नाही. आता १०१ ची, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची वसुलीची, नोटीस माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आली आहे. व्याज धरून आकडा किती झालाय ते मी घरात सांगितलेलं नाही. बायको बोलत नाही. सासूबाई म्हणतात, साडेसाती आहे. भाच्याने मोबाईलवर एक वाक्य पाठवलं, शिरस्त्राण घातलेल्या सैनिकाच्या चित्रावर लिहिलेलं: ‘दोषी माणूस कायद्याला भितो, निर्दोष माणूस नशिबाला.’ खाली नुसतं ‘रोमन म्हण’. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मी कुणाचं वाईट केलेलं नाही, तरी मी दोघांनाही भितो. मग मी कोण? मित्राशी संबंध तोडू का? खरं सांगतो, कधीकधी वाटतं, पुण्याला जाऊन त्याची गचांडी धरावी.
— एक जामीनदार

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुम्ही नोटिशीबद्दल चार शब्द लिहिलेत आणि त्या वाक्याबद्दल चार ओळी. म्हणजे नोटिशीपेक्षा ते वाक्य तुम्हाला जास्त छळतंय. म्हणून आधी त्या वाक्यामागचा माणूस सांगते. तो कोण होता हे कळलं की वाक्याचा अर्थही जरा हलतो.

तो सैनिक नव्हता. त्याचं नाव पब्लिलियस, आणि सिरियातला म्हणून लोक त्याला ‘सायरस’ म्हणत. अँटिओक हे त्याचं गाव. रोममध्ये आला तो गुलाम म्हणून, जहाजातून. समुद्रापारहून विकायला आणलेल्या गुलामांच्या पायांना रोमचे व्यापारी पांढरा खडू फासत, म्हणजे बाजारात उभा केला की गिऱ्हाइकाला दुरूनच कळावं, हा माल नवा आहे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने खडूच्या प्रकारांबद्दल लिहिताना ही चाल सांगितली आहे, आणि असे आलेल्यांमध्ये या पब्लिलियसचं नाव घेतलं आहे. त्याच जहाजातून आणखी दोघे आले होते. त्यातला एक पुढे ज्योतिषात नावाजला, दुसरा व्याकरणात.

पोरगा दिसायला देखणा आणि जिभेने तल्लख. मालकाच्या अंगणात जलोदर झालेला एक गुलाम उन्हात पडला होता. मालकाने विचारलं, हा काय करतोय? पब्लिलियस म्हणाला, ‘पाणी तापवतोय.’ आजारी माणसावरचा हा विनोद मला काही आवडत नाही, पण अशाच हजरजबाबीपणाने त्याला आधी शिक्षण मिळालं आणि मग स्वातंत्र्य. पुढे तो ‘माईम’ लिहू लागला. हे म्हणजे आजचं मूकनाट्य नव्हे. मुखवटा न लावता, अनवाणी पायांनी करायचे छोटे बोलके खेळ, आपल्या वगासारखे रांगडे. इटलीतल्या गावोगावी त्याचे खेळ गाजले.

इ.स.पू. ४६ च्या सुमाराला ज्युलियस सीझरने रोममध्ये मोठा उत्सव केला. तिथे पब्लिलियसने सगळ्या नाटककारांना आव्हान दिलं की मंचावर या आणि ऐन वेळी दिलेल्या विषयावर माझ्यासमोर खेळ करून दाखवा. त्यात लाबेरियस नावाचा साठ वर्षांचा लेखकही उतरला. उतरला म्हणजे सीझरने त्याला उतरवला. लाबेरियस सरदार वर्गातला होता. तो खेळ लिहायचा, स्वतः करायचा नाही, कारण अशा माणसाने मंचावर पाऊल ठेवलं की त्याचा दर्जा गेला. साठ वर्षं कमावलेली अब्रू एका दुपारी गेली. पण मंचावरून त्याने एक ओळ टाकली: ‘ज्याला पुष्कळ लोक भितात, त्याला पुष्कळांना भ्यावं लागतं.’ सगळं प्रेक्षागृह माना वळवून सीझरकडे बघू लागलं. सीझरने विजयाची खजुरीची फांदी पब्लिलियसला दिली आणि लाबेरियसला पाच लाख सेस्टर्स (रोमन नाणी) आणि दर्जा परत देणारी सोन्याची अंगठी. एका दिवसात सरदार खाली आला आणि ज्याच्या पायांना कधी खडू फासला होता तो वर गेला. लाबेरियस नंतर म्हणाला, सगळेच कायम पहिल्या पायरीवर राहू शकत नाहीत. मी पडलो, माझ्यामागून येणाराही पडेल. समोर बसलेल्या सीझरचा खून व्हायला तेव्हा दोन-एक वर्षंच उरली होती.

निर्दोष माणूस नशिबाला भितो, हे वाक्य लिहिणाऱ्याने नशीब कुठून पाहिलं होतं ते यावरून कळतं. त्याने कुठलाही गुन्हा केला नव्हता आणि तो बाजारात विकला गेला होता.

आता दुसरी गोष्ट, जी त्या सैनिकाच्या चित्रावर मावत नाही. पब्लिलियसचं एकही अख्खं नाटक आज उरलेलं नाही. त्याच्या खेळांमधली चमकदार वाक्यं लोकांनी वेगळी काढली, वर्णानुक्रमाने लावली आणि रोमची शाळकरी पोरं ती पाठ करू लागली. अशी सातशेच्या आसपास वाक्यं आपल्यापर्यंत पोचली. पण ती नाटकातली आहेत. कुठलं वाक्य कुणाच्या तोंडी होतं ते हरवलं. एखादं शहाण्या म्हाताऱ्याच्या तोंडचं असेल, एखादं चोराच्या, एखादं कंजूष सावकाराच्या. ‘दोषी कायद्याला भितो, निर्दोष नशिबाला’ हे कोण म्हणतंय? न्यायाधीश? की पकडला गेलेला लबाड, जो लोकांसमोर आपण निर्दोष आहोत असं भासवतोय? आपल्याला माहीत नाही. म्हणूनच असं वाक्य हातात आलं की प्रत्येक जण त्यात स्वतःला निर्दोषाच्या जागी बसवतो. तुम्हीही बसवलंत. त्यात तुमचा दोष नाही, पण तिथे फार वेळ बसू नका, कारण तुमच्या गोष्टीत त्या जागेवर हक्क सांगणारा आणखी एक जण आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी कायद्याचं बोलू, कारण भीती तिथली आहे.

रोममध्ये जामीन राहणं ही कागदाची गोष्ट नव्हती, तोंडची होती. धनको जामीनदाराला समोर उभा करून विचारायचा, ‘इदेम दारी स्पोन्देस?’ म्हणजे तेच द्यायचं वचन तूही देतोस? तो म्हणायचा, ‘स्पोन्देओ.’ देतो. एवढा एक शब्द. पुढे दुसरा प्रकार रूढ झाला, त्यात प्रश्न असायचा, ‘हे तू तुझ्या स्वतःच्या शब्दाच्या भरवशावर घेतोस का?’ तुम्ही पतसंस्थेत टेबलावर वाकून जिथे फुली मारली होती तिथे सही केलीत, तेव्हा तुम्हालाही खरं तर हेच विचारलं गेलं होतं. फक्त मोठ्याने कुणी विचारलं नाही. मोठ्याने विचारलं असतं तर निम्म्या जामीनदारांनी ‘थांबा, घरी विचारून येतो’ म्हटलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

फार जुन्या काळी हा शब्द देहावर यायचा. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात लिहिलं होतं की कर्ज सिद्ध झाल्यावर तीस दिवसांची मुदत, मग धनको कर्जदाराला धरून नेऊ शकतो. बेड्यांचं वजन पंधरा पौंड, हे कायद्यात लिहिलेलं. रोज एक पौंड पीठ द्यावं, हेही लिहिलेलं. साठ दिवस असं ठेवायचं, आणि तरी कुणी सोडवलं नाही तर तिबर नदीपलीकडे विकून टाकायचं.

हे बदललं ते एका पोरामुळे. लिव्ही हा इतिहासकार त्याची हकीकत सांगतो. त्याचंही नाव पब्लिलियसच, गायस पब्लिलियस, पण तो आपल्या नाटककाराच्या कितीतरी पिढ्या आधीचा. बापाच्या कर्जापायी त्याने स्वतःला सावकाराकडे बांधून घेतलं होतं. म्हणजे दुसऱ्याचं कर्ज स्वतःच्या डोक्यावर. सावकाराने त्याच्या कोवळ्या वयाचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला. पोरगा बधेना, तेव्हा त्याला उघडा करून फटके मारले. तो पोर तसाच, पाठ फुटलेला, रस्त्यावर पळत आला. माणसं जमली, चौकात गेली, तिथून सिनेटच्या दाराशी. आत जाणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या पाया पडून लोक त्याची पाठ दाखवत होते. लिव्हीच्या हिशेबाने ते इ.स.पू. ३२६ चं साल. त्यातून कायदा झाला की कर्जाला माणसाची मालमत्ता उत्तरदायी राहील, त्याचा देह नाही. लिव्ही लिहितो, सामान्य रोमन माणसाच्या स्वातंत्र्याची ती जणू दुसरी सुरुवात होती.

हे तुम्हाला सांगतेय कारण तुमच्या पत्रातली भीती देहाची आहे. झोप नाही, तोंड लपवायचं, दुकानात कुणी अनोळखी माणूस आला की छातीत धस्स. पतसंस्थेचं देणं तुमच्या पैशावर आहे, मालमत्तेवर आहे. ते लहान नाही. दुकान आणि घर धोक्यात येऊ शकतं, आणि मी ते लपवणार नाही. पण तुम्ही गुन्हेगार नाही आणि कुणी तुम्हाला तसं वागवू शकत नाही. वसुली अधिकारी दुकानात येऊन चारचौघांत अद्वातद्वा बोलला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि पतसंस्थेला लेखी कळवा.

जामीनदाराच्या बाबतीत रोमचा कायदा हळूहळू शहाणा होत गेला. ज्या जामीनदाराने पदरचे भरले त्याला मूळ कर्जदाराने सहा महिन्यांत परत केले नाहीत, तर त्या कर्जदाराला जणू कोर्टात हरलेला माणूस समजून धरता येई. आणि कर्जदाराने देणं नाकारलं, तर रक्कम दुप्पट. सम्राट हेड्रियनने ठरवलं की जामीनदार अनेक असतील आणि त्यांची ऐपत असेल तर बोजा त्यांच्यात वाटला जावा. आणि इ.स. ५३५ मध्ये सम्राट जस्टिनियनने म्हटलं की आधी मूळ कर्जदाराकडे जा, तिथे काही हाती लागलं नाही तरच जामीनदाराकडे या.

हे शेवटचं वाचून तुमचे डोळे चमकले असतील. पण आपल्याकडे तसं नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात, वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे (कलम १२८), आणि आधी कर्जदाराकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं जामीनदार म्हणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच स्पष्ट केलं. म्हणून ‘कर्ज त्याने घेतलं, मला का नोटीस’ हे वाक्य वसुली अधिकाऱ्यासमोर बोलून काही उपयोग नाही. ते तुम्ही मनात शंभरदा बोलला असाल. आता सोडून द्या.

त्याऐवजी दोन गोष्टी घट्ट धरा, ज्या रोममध्येही होत्या आणि आपल्या कायद्यातही आहेत. एक, तुमच्याबरोबर त्याच्या चुलतभावाचीही सही आहे. दोघांमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर बोजा दोघांवर सारखा येतो (कलम १४६). त्याला अजून नोटीस आली नसेल आणि तो गप्प बसला असेल. त्याच्या घरी जा. फोनवर नको. दोन, तुम्ही जे भराल ते मित्राकडून वसूल करायचा तुम्हाला हक्क आहे (कलम १४५), आणि सगळं देणं फेडलंत तर पतसंस्थेचे त्याच्यावरचे हक्क, तारण असेल तर त्या तारणासकट, तुमच्याकडे येतात (कलम १४०). शेड कुणाच्या नावावर आहे, पतसंस्थेकडे काय गहाण आहे, सातबारावर बोजा चढवलाय का, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. मला वाटतं तुम्ही विचारलंच नाहीये. विचारा. कर्जखात्याचा पूर्ण उतारा लेखी मागा, एकरकमी तडजोडीत व्याज किती सोडतील ते विचारा, आणि नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत सहकाराची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. तारीख चुकवू नका. ‘दोषी कायद्याला भितो’ हे खरं असो-नसो, पण भिऊन कायद्याकडे पाठ फिरवली की निर्दोष माणसाच्या विरुद्धही एकतर्फी वसुलीचा दाखला निघतो.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझे वडील प्राथमिक शिक्षक. शाळेतल्याच एका गुरुजींना पतपेढीत जामीन राहिले आणि दोन वर्षं त्यांच्या पगारातून कपात झाली. प्रत्येक महिन्याची पावती त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, दोऱ्याने बांधून, वर महिना लिहून. मला वाटायचं, ते एक दिवस हा डबा घेऊन त्या गुरुजींकडे जाणार. गेले नाहीत. भीड वाटली. पुढे आईच्या आजारपणात पैसे हवे होते तेव्हा वकिलाला विचारलं, तर कळलं की पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. पावत्या सगळ्या होत्या, मुदत गेली होती. तो डबा अजून माझ्या कपाटात आहे. तुम्ही भराल त्या प्रत्येक रकमेवर ‘अमुकच्या कर्जापोटी जामीनदार म्हणून’ असं लिहून घ्या, आणि ती तीन वर्षं कॅलेंडरवर मांडा.

भीड हा शब्द आलाच आहे. ‘भीड भिकेची बहीण’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते ऐकून कुणी नाही म्हणायला शिकत नाही. पब्लिलियसची एक ओळ आहे, औलस गेलियस नावाच्या लेखकाने जपून ठेवलेल्या चौदा ओळींपैकी. तिचा अर्थ असा: मागितलेली गोष्ट नीट शब्दांत नाकारणं, हाही उपकाराचाच एक भाग आहे. मला ही ओळ त्याच्या सगळ्या वाक्यांपेक्षा प्रिय आहे. कारण ती नाही म्हणणाऱ्याला वाईट ठरवत नाही. तुम्ही त्या दिवशी मित्राला म्हणाला असतात, ‘आठ लाखांना मी पुरा पडणार नाही, पण पहिल्या खेपेच्या पक्ष्यांसाठी पन्नास हजार देतो, ते बुडाले तरी चालतील,’ तर तो कदाचित लहान शेड घालून बसला असता, आणि आज तुमच्या दुकानात चहाला येत असता. हे तुम्हाला टोचायला म्हणत नाही. आता दुकानात येणारा पुढचा माणूस ‘फक्त एक सही’ म्हणेल तेव्हा हे वाक्य तोंडाशी असावं म्हणून म्हणते.

आता मित्र.

तुमच्या पत्रात पक्षी मेल्याचं एक वाक्य आहे. तुम्ही ते पटकन लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. पावसाळ्यात निम्मी शेड मेली. सकाळी दार उघडल्यावर त्याने काय पाहिलं असेल? भुशावर पडलेले पक्षी, ते पोत्यात भरायचे, खड्डा खणायचा, आणि खाद्यवाल्याचा फोन वाजतोय. हे त्याने केलं नव्हतं. मग त्या वाक्यातला, नशिबाने मारलेला निर्दोष माणूस कोण? सेनेका हा तत्त्वज्ञ पब्लिलियसची एक ओळ उद्धृत करतो आणि म्हणतो की हा नाटककार थट्टा सोडून बोलतो तेव्हा मोठमोठ्या शोकांतिका लिहिणाऱ्यांना मागे टाकतो. ती ओळ: ‘जे एकावर ओढवू शकतं, ते कुणावरही ओढवू शकतं.’ हे सेनेकाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. आठ वर्षं कॉर्सिका बेटावर हद्दपारीत काढून आलेला माणूस होता तो.

पण पक्षी मरणं हे नशीब, आणि फोन न उचलणं ही त्याची करणी. तुम्हाला दोन्ही एक वाटू लागलंय, कारण राग आलाय. आधी हे शोधा की तो बुडालाय की बुडवतोय. पुण्यात कुठे राहतो, काय काम करतो, बायकामुलं बरोबर आहेत का. बुडालेला असेल तर त्याच्याकडून महिन्याला दोन हजार का होईना, पतसंस्थेच्या खात्यात जायला लागतील असं बघा, आणि मूळ रक्कम आपल्यावर आहे हे त्याच्याकडून लेखी घ्या, मेसेजवर का होईना. बुडवत असेल तर वकील आहे. ‘जुना अन्याय सोसत राहिलास तर नव्याला आमंत्रण देशील,’ हेही पब्लिलियसचंच वाक्य आहे.

संबंध तोडू का, हे विचारलंत. पब्लिलियसची आणखी एक ओळ सांगते आणि ती मला मान्य नाही हेही सांगते. ‘मित्र असा ठेव, की तो उद्या सहज शत्रू होऊ शकेल हे ध्यानात राहील.’ ती कुणा धूर्त पात्राच्या तोंडी असावी असं मला मनापासून वाटतं. जवळजवळ याच अर्थाचं एक जुनं ग्रीक वचन सिसेरो या रोमन वक्त्याने मैत्रीवरच्या पुस्तकात, इ.स.पू. ४४ मध्ये, स्किपिओ या सेनापतीच्या तोंडून धुडकावून लावलं आहे. मैत्रीला याहून मोठा वैरी शब्द सापडणार नाही, असं तो म्हणतो. मित्र शत्रू होईल या भयाने मैत्री करता येत नाही. पण मैत्रीत सही करताना सहीला सही म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं असतं. तुम्ही सहीला मैत्री म्हणालात. आता दोन्ही वेगळ्या करा. सहीचा हिशेब कागदावर होऊ दे. मैत्रीचं काय करायचं ते तो हिशेब मार्गी लागल्यावर ठरवा, आज नको. आज तुम्ही जे ठरवाल ते रागच ठरवेल.

आणि पुण्याला एकटे जाऊ नका. पब्लिलियसने लिहिलंय, ‘कायदा रागावलेल्याला बघतो, रागावलेला कायद्याला बघत नाही.’ आत्ता या प्रकरणात कायदा तुम्हाला जामीनदार म्हणून बघतो. गचांडी धरलीत तर तोच कायदा तुम्हाला आरोपी म्हणून बघेल, आणि ज्याच्याकडून पैसे यायचे तो फिर्यादी होईल. जायचंच तर त्या चुलतभावाला बरोबर न्या. दोघांचं देणं आहे, दोघांनी जावं, आणि दुपारी जावं, रात्री नाही.

सासूबाईंशी साडेसातीवरून वाद घालू नका. रोमन माणसं कायद्याच्या बाबतीत इतकी काटेकोर, तरी त्यांनी भाग्यदेवतेची, फोर्तुनाची, किती देवळं बांधली होती. नाण्यांवर ती एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग घेऊन उभी असते. प्राइनेस्ते गावी तिचं मोठं देऊळ होतं, तिथे लहान मुलाच्या हाताने ओकच्या लाकडावर कोरलेला कौल काढत. सिसेरोने त्या कौलांची टर उडवली आहे, मला त्यात शिरायचं नाही. मला तिचं रोममधलं एक देऊळ आवडतं, त्याचे गोल मांडणीतले खांब आजही गजबजलेल्या चौकात, रस्त्याच्या पातळीखाली, उभे दिसतात. ते ‘आजच्या दिवसाच्या भाग्या’चं देऊळ. इ.स.पू. १०१ मध्ये लढाईच्या दिवशी एका सेनापतीने नवस बोलला, तो फक्त त्या एका दिवसाच्या नशिबाला. साडेसात वर्षांच्या नशिबाशी कुणाला झुंजता येत नाही. नोटिशीच्या तारखेपर्यंतचे दिवस तुमच्या हातात आहेत. सासूबाई शनिवारी तेल वाहायला चला म्हणाल्या तर जाऊन या, आणि सोमवारी पतसंस्थेत जा.

आता जे मी शेवटपर्यंत राखून ठेवलं ते. तुमची बायको का बोलत नाही, याचं कारण तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. सही करताना तिला विचारलं नाहीत, आणि आता आकडा सांगत नाही आहात. तिला नोटीस दिसली असणार. नोटिशीवर रक्कम असते. म्हणजे तिला आकडा माहीत आहे, आणि तुम्ही तो सांगायची ती वाट बघते आहे.

बारा पाट्यांच्या त्या कठोर कायद्यात एक गोष्ट होती. साठ दिवसांच्या काळात लागोपाठच्या तीन आठवडी बाजारांच्या दिवशी कर्जदाराला चौकात आणायचे आणि त्याच्यावर नेमकं किती देणं आहे ते सगळ्यांसमोर मोठ्याने पुकारायचे. लाज काढायला नव्हे. ऐकणाऱ्यांपैकी कुणी पुढे येऊन म्हणावं की थांबा, मी भरतो, म्हणून. आकडा कुणी ऐकलाच नाही तर कुणी पुढे येणार कसं?

तुमच्या घरात तो आकडा अजून कुणी उच्चारलेला नाही. आज दुकान तासभर लवकर बंद करा. जेवणं झाली, मुलं झोपली, की नोटीस, दुकानाची वही आणि पासबुक तिच्यासमोर ठेवा, आणि कागद तिच्याकडे सरकवण्याआधी रक्कम तुमच्या तोंडाने सांगा, व्याजासकट, रुपयापर्यंत. मग गप्प बसा आणि ती काय म्हणते ते ऐका.